युरिया देऊनही शेंडा पिवळाच राहतो? आधी गंधक तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मध्यम काळ्या जमिनीत सोयाबीन, पेरताना एकरी एक पोते डीएपी (नत्र आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, देणारे खत), पुढे पंचविसाव्या दिवशी २५ किलो युरिया. त्यानंतर पीक काळोखीवर येण्याऐवजी शेंड्याकडची पाने फिकट पडली, खालची पाने मात्र हिरवीच आहेत. दुकानातून सल्ला मिळाला की आणखी अर्धे पोते युरिया टाका आणि ८० टक्के सल्फरची पावडर फवारा. नत्राचा आणि गंधकाचा खरंच काही संबंध आहे का, गंधक दिले तर युरिया कमी लागेल का, आणि फवारणीवर काम भागेल का, असे तुम्ही विचारले आहे.

संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. गंधक कमी असलेल्या शेतात नत्र कितीही दिले तरी पिकाला त्याचे प्रथिन करता येत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला: युरियाचे ते अर्धे पोते आज टाकू नका. ८० टक्के पावडरीने पोषणाची गरज भागत नाही, त्याचा हिशेब पुढे देतो. आणि युरिया कमी लागेल का, याचे उत्तर तुमच्या जमिनीत गंधक किती आहे यावर अवलंबून आहे. सरसकट ‘हो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आधी झाडाच्या आत काय चालते ते बघू, कारण ते कळले की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

मुळांनी घेतलेले नत्र बहुतेक करून नायट्रेटच्या रूपात पानात पोहोचते. तिथे त्याचे आधी नायट्राइट, मग अमोनियम आणि मग अमिनो आम्ले होतात. ही अमिनो आम्ले एकापुढे एक ओवली की प्रथिन तयार होते. ओवायला वीस प्रकारचे मणी लागतात आणि त्यांतल्या दोन मण्यांमध्ये गंधक असते: सिस्टीन आणि मेथिओनिन. दोनच आहेत म्हणून त्यांचे महत्त्व कमी नाही. पेशीत प्रथिन ओवायला सुरुवात होते तीच मेथिओनिनपासून. म्हणजे गंधक नसेल तर माळेचा पहिलाच मणी हाती नाही, बाकीचे अठरा प्रकार ढिगाने पडलेले असले तरी.

आणि ते खरोखर ढिगाने पडून राहतात. गंधकाची कमतरता असलेल्या पानाचे विश्लेषण केले तर एकूण नत्र भरपूर दिसते, पण त्यातले बरेचसे नायट्रेट, ग्लुटामिन, अॅस्पराजिन, आर्जिनिन अशा सुट्या रूपांत अडकलेले असते. झाडाला हे कळते. सुटी अमिनो आम्ले साचली की मुळांकडे संकेत जातो आणि नायट्रेट आत घेण्याचा वेग कमी होतो. नायट्रेट रिडक्टेज या विकराचे (एन्झाइमचे) कामही मंदावते. तुम्ही वरून युरिया टाकता, तो जमिनीत विरघळतो, त्याचे नायट्रेट होते, पण पीक ते उचलत नाही. मग पुढच्या जोराच्या पावसात ते खाली वाहून जाते किंवा पाणी साचलेल्या जागी वायू होऊन उडून जाते. एरवीसुद्धा दिलेल्या नत्रापैकी साधारण एक तृतीयांश ते निम्मेच पिकाच्या अंगी लागते. गंधकाअभावी तेही घटते. पैसे गेले, विहिरीच्या पाण्यात नायट्रेट वाढले आणि पीक पिवळेच राहिले.

या दोन अन्नद्रव्यांची गाठ नेमकी कुठे पडते तेही सांगतो, कारण मला स्वतःला वनस्पतिशास्त्रातली ही फार सुंदर जागा वाटते. झाड सल्फेट (गंधकाचे पाण्यात विरघळणारे रूप) घेते आणि त्याचे टप्प्याटप्प्याने सल्फाइड करते. दुसऱ्या बाजूने नत्रापासून सेरिन हे अमिनो आम्ल होते आणि त्याचे ओ-अॅसिटिलसेरिन बनते. हे दोन एकत्र आले की सिस्टीन तयार होते. एका वाटेने गंधक येते, दुसऱ्या वाटेने नत्र, आणि दोन्ही वाटा या एका रेणूत मिळतात. सल्फाइड कमी पडले की ओ-अॅसिटिलसेरिन साचते, आणि ते साचणे हाच झाडासाठी ‘मुळांनो, सल्फेट जास्त ओढा’ असा इशारा ठरतो. उलट नत्र कमी पडले की सेरिनकडून येणारा पुरवठा आटतो आणि झाड सल्फेटवरची प्रक्रियाच आवरती घेते. म्हणून नत्राने उपाशी असलेल्या पिकाला नुसते गंधक देऊनही काही साधत नाही. दोघे एकमेकांना धरून चालतात.

एवढ्यावरच संपत नाही. नायट्राइटचे अमोनियम करणारा विकर आणि त्यापुढचे अमिनो आम्ल घडवणारा एक महत्त्वाचा विकर, या दोघांच्या गाभ्यात लोह आणि गंधकाचे पुंजके असतात. त्यांना इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या फेरेडॉक्सिनमध्येही तसेच पुंजके आहेत. नायट्रेट रिडक्टेजमध्ये मोलिब्डेनम ज्या रेणूने धरून ठेवलेले असते, त्याची पकडही गंधकाच्या दोन अणूंची आहे. तेव्हा गंधक नुसता प्रथिनाचा कच्चा माल नाही. नत्रावर काम करणारी यंत्रेही त्याच्याशिवाय पुरी होत नाहीत.

आता सोयाबीनकडे येऊ. तुमच्या शेतातला नत्राचा ताळेबंद मांडून बघा. एकरी दहा क्विंटल सोयाबीन झाले, दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिन धरले, तर नुसत्या दाण्यांतून ६० ते ६५ किलो नत्र शेताबाहेर जाते. पाला, शेंगांची टरफले, मुळे वेगळीच. तुम्ही दिलेत किती? डीएपीच्या ५० किलोतून ९ किलो, युरियाच्या २५ किलोतून साडेअकरा किलो; मिळून साडेवीस. उरलेले काही जमिनीतून आणि बहुतांश मुळांवरच्या गाठींतून यायचे असते. त्या गाठींत हवेतले नत्र स्थिर करणारा जो नायट्रोजिनेज विकर आहे, त्याच्या गाभ्यातल्या एकेका पुंजक्यात लोहाचे ७ अणू, गंधकाचे ९ आणि मोलिब्डेनमचा १ अणू असतो. गंधक कमी पडले की गाठी कमी होतात, झालेल्या लहान राहतात आणि काम कमी करतात. शिवाय वरून युरिया जास्त पडला तर झाड गाठींचे लाड करायचे थांबवते, कारण तयार नायट्रेट समोर असते. म्हणजे सोयाबीनमध्ये गंधकाची उणीव असताना युरिया वाढवणे हे दुहेरी नुकसान आहे.

आजच एक काम करा. शेताच्या मधल्या भागातून चार-पाच झाडे खुरप्याने मातीसकट अलगद उचला, ओढून उपटू नका, नाहीतर गाठी मातीतच राहतात. मुळे बादलीत धुवा. मोठ्या गाठी नखाने किंवा ब्लेडने मधोमध कापा. आतून गुलाबी-लालसर असतील तर त्या कामात आहेत. पांढरट, हिरवट किंवा तपकिरी असतील तर त्यांच्याकडून नत्र येत नाही असे समजा. हे बघायला पैसे लागत नाहीत आणि प्रयोगशाळेच्या अहवालाची वाटही बघावी लागत नाही.

पिवळेपणाचे कारण गंधकच आहे की दुसरे काही, हे मात्र नीट तपासा. नत्राची कमतरता असेल तर आधी खालची जुनी पाने पिवळी पडतात, कारण झाड तिथले नत्र काढून शेंड्याला पुरवते. गंधकाची ने-आण त्या मानाने कठीण, म्हणून कोवळी पाने आधी फिकट होतात. आणि पूर्ण पान, शिरांसकट, एकसारखे फिकट होते. आपल्या चुनखडीच्या जमिनींत सोयाबीनवर याच्याशी सर्वांत जास्त गल्लत होते ती लोहाच्या कमतरतेची. तिथेही कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात आणि पान जाळीदार दिसते. खात्री होत नसेल तर दोन ओळींच्या छोट्या पट्ट्यावर अर्धा टक्का फेरस सल्फेटचे ताजे द्रावण, चिमूटभर सायट्रिक आम्ल घालून, फवारा. आठवड्याच्या आत त्या पट्ट्यात हिरवा फरक दिसला तर दुखणे लोहाचे आहे. त्या फवाऱ्यातून जाणारे गंधक नगण्य असते, त्यामुळे निष्कर्षात गोंधळ होत नाही.

युरिया दिल्यानंतरच पिवळेपणा उठून दिसला, हे तुमच्या वर्णनातले सर्वांत बोलके वाक्य आहे. याची दोन कारणे. युरियाने वाढीला धक्का मिळतो, पानांचा पसारा वाढतो आणि असलेले थोडे गंधक त्या पसाऱ्यात विरळ होते. दुसरे कारण जास्त सूक्ष्म आहे. नत्र तुटपुंजे असते तेव्हा झाड जुन्या पानांतली प्रथिने मोडते आणि त्यातून सुटलेले गंधकही शेंड्याकडे पाठवते. तेव्हा सगळे झाड थोडे थोडे फिकट दिसते. नत्र मुबलक झाले की जुनी पाने आपली प्रथिने सोडत नाहीत, ती हिरवीगार राहतात, आणि शेंडा उपाशी पडतो. खाली हिरवे, वर पिवळे असे चित्र युरियानंतर तयार होते ते यामुळे. अशा शेतात आणखी युरिया टाकणे म्हणजे तेच चित्र आणखी गडद करणे.

आता ही उणीव आली कुठून, हे समजून घ्या, कारण पुढच्या हंगामाची खरेदी त्यावर ठरते. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे खत कारखान्याची मोठी सुरुवात झाली ती सिंद्रीला, १९५१ मध्ये, आणि तिथे बनत होते अमोनियम सल्फेट. ते राजस्थानच्या जिप्समवर (कॅल्शियम सल्फेटच्या खनिजावर) चाले. स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट होते. दोन्हींत गंधक आपसूक यायचे. कोणी मागत नव्हते, कोणी मोजत नव्हते. पुढे युरिया आणि डीएपी आले. त्यांत मुख्य अन्नद्रव्य जास्त, वाहतूक स्वस्त, टाकायला सोपे, पण गंधक जवळपास शून्य.

तुमच्याच एका एकराचा हिशेब घ्या. सोयाबीनला एकरी २४ किलो स्फुरद द्यायचे असेल तर डीएपीचे साधारण एक पोते पुरते. तेच १६ टक्क्यांच्या सुपर फॉस्फेटमधून द्यायचे तर १५० किलो, म्हणजे ५० किलोची तीन पोती लागतात. कोणीही एकच पोते उचलेल, ते स्वाभाविक आहे. पण त्या तीन पोत्यांत ११ टक्क्यांच्या हिशेबाने साडेसोळा किलो गंधक होते, जे एका पोत्यात नाही. सोयाबीनची शिफारस हेक्टरी २० किलोच्या आसपास, म्हणजे एकरी ८ किलो गंधक आहे. तीन पोती सुपर टाकणाऱ्याला ती दुप्पट मिळत होती. डीएपीवाल्याला काहीच मिळत नाही. असे वर्षानुवर्षे चालले, त्यात शेणखत कमी झाले, तेलबिया आणि कांद्यासारखी गंधक ओढणारी पिके वाढली, उत्पादनही वाढले. जमिनीतले ९० टक्क्यांहून अधिक गंधक सेंद्रिय पदार्थात बांधलेले असते. सेंद्रिय पदार्थ घटला की ती पेढीच रिकामी होते.

हेच वेगळ्या मार्गाने युरोपात घडले. ब्रिटनमध्ये कोळशाच्या धुरातले सल्फर डायऑक्साइड पावसाबरोबर शेतावर पडायचे आणि पिकांना फुकटचे गंधक मिळायचे. १९७० नंतर हवा स्वच्छ करण्याचे कायदे कडक झाले, ते उत्सर्जन पुढे ९० टक्क्यांहून जास्त घटले, आणि १९८० व ९० च्या दशकांत मोहरीवर्गातल्या रेपसीडमध्ये आणि गव्हात गंधकाची उणीव दिसू लागली. उत्तर जर्मनीत तर रेपसीडची पिवळी फुले पांढरट पडत. तिथल्या शेतकऱ्यांनी नत्र कमी केले नव्हते, तरी गव्हाच्या पिठाचा दर्जा बिघडला. कणीक ताणली जाते ती ग्लुटेनमधल्या गंधकाच्या बंधांमुळे. गंधक कमी पडले की प्रथिनाची टक्केवारी ठीक दिसूनही कणीक चिवट, न ताणणारी होते आणि पाव फुगत नाही. शिवाय अशा गव्हात सुटे अॅस्पराजिन कित्येक पट साचते. २००२ मध्ये स्वीडनमध्ये तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत अॅक्रिलामाइड सापडल्याचे जाहीर झाले, आणि त्याचा मुख्य कच्चा माल हेच अॅस्पराजिन असल्याचे पुढे आले. शेतात गंधक न देणे थेट ताटातल्या पदार्थापर्यंत पोहोचते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

जनावरांचेही तसेच. गंधकाविना भरपूर युरियावर वाढवलेल्या मक्याच्या, बाजरीच्या चाऱ्यात नायट्रेट साचते, ते जनावराला बाधते. गायी-म्हशींच्या पोटातले जिवाणूही नत्रापासून प्रथिन करताना गंधक मागतात. म्हणून कडब्यावर युरियाची प्रक्रिया करणाऱ्याने खनिज मिश्रणात गंधक आहे ना ते बघावे. कोवळी ज्वारी खाऊन किराळ (सायनाइडची विषबाधा) लागते तेव्हा पशुवैद्यक जे सोडियम थायोसल्फेट देतात, तेही गंधकाच्याच बळावर सायनाइड निकामी करते.

असो, आपण मातीच्या अहवालाकडे येऊ. माती परीक्षणात गंधक तपासले आहे ना, ते बघा. उपलब्ध गंधक १० पीपीएमपेक्षा (दहा लाख भाग मातीत १० भाग) कमी असेल तर जमीन कमतरतेची मानतात. पण या एका आकड्यावर अवलंबून राहू नका. सल्फेट पाण्याबरोबर खाली सरकते. वरच्या १५ सेंटिमीटरचा नमुना ८ पीपीएम दाखवत असेल आणि दीड-दोन फुटांवर भरपूर साठा असेल, असे आपल्या खोल काळ्या जमिनीत घडते. तूर, कपाशी पुढे तिथवर मुळे नेतात आणि सावरतात. जुलैच्या झडीनंतर पिवळे पडलेले सोयाबीन कधी कधी काही न देता ऑगस्टमध्ये सुधारते, त्यामागे हेही एक कारण असते. कांद्याची मुळे मात्र वरच्या थरातच खेळतात, त्याला खालचा साठा उपयोगी नाही.

दुसरी गोष्ट, जिच्याकडे फार कमी जण बघतात: विहिरीचे आणि बोअरचे पाणी. पाणी परीक्षणाच्या अहवालात सल्फेटचा आकडा असतो. समजा लिटरला २० मिलिग्रॅम सल्फेट आहे. त्यात गंधक साधारण एक तृतीयांश. रब्बीच्या पिकाला हंगामात ३० सेंटिमीटर पाणी दिले, म्हणजे हेक्टरी तीस लाख लिटर, तर त्यातून २० किलो गंधक शेतात येते. पूर्ण शिफारस पाण्यातूनच भागली. अशा शेतात गंधकाच्या गोण्या घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे, आणि ते मी स्पष्ट सांगत असतो. म्हणून बागायती गव्हाला, कांद्याला गंधक ठरवण्याआधी पाण्याचा कागद काढून बघा. खरिपाच्या कोरडवाहू सोयाबीनला हा आधार नसतो, त्यामुळे तुमच्या प्रश्नात पाण्याचा फायदा धरता येत नाही.

तिसरी खूण पानातले नत्र आणि गंधक यांचे प्रमाण. वनस्पतीच्या प्रथिनात साधारण १५ भाग नत्राला १ भाग गंधक लागते. फुलोऱ्याला आलेल्या सोयाबीनच्या वरच्या पूर्ण उमललेल्या पानांत हे प्रमाण १७-१८ च्या वर गेले आणि गंधक ०.२ टक्क्यांच्या खाली असेल, तर शंकेला जागा नाही. दोन्ही आकडे एकत्र वाचा. नुसते गुणोत्तर फसवते, कारण नत्र आणि गंधक दोन्ही कमी असतील तरी गुणोत्तर छान दिसते.

आता ८० टक्के पावडरीचा हिशेब. लिटरला २ ग्रॅम, एकरी २०० लिटर पाणी, म्हणजे ४०० ग्रॅम पावडर आणि तिच्यात ३२० ग्रॅम गंधक. गरज ८ किलोची. शिवाय ते मूलद्रव्य रूपातले गंधक आहे. पानावर त्याचे लगेच सल्फेट होत नाही. भुरीवर आणि लाल कोळीवर ते चांगले औषध आहे, त्यासाठी जरूर वापरा, पण कडक उन्हात फवारले तर पाने करपतात. पोषणासाठी हा मार्ग नाही.

जमिनीत देण्याच्या स्रोतांमध्ये खरा फरक वेळेचा आहे. सल्फेट रूपातले गंधक मुळांना लगेच मिळते: अमोनियम सल्फेटमध्ये २३ टक्के, सुपर फॉस्फेटमध्ये ११, बाजारातल्या जिप्सममध्ये शुद्धतेप्रमाणे १३ ते १८, सल्फेट ऑफ पोटॅशमध्ये साडेसतरा. २०:२०:०:१३ या मिश्र खतातला शेवटचा १३ म्हणजे गंधकच. गोणीवर चौथा आकडा आहे का, हे बघायची सवय लावा. १०:२६:२६ किंवा १२:३२:१६ वर तो नसतो. झिंक सल्फेटमधूनही १० टक्के गंधक जाते, पण एकरी मात्रा दहा किलोच्या आत असते, त्यामुळे त्यातून गरज भागली असे समजू नका.

९० टक्क्यांचे दाणेदार बेन्टोनाइट सल्फर (फुगणाऱ्या चिकणमातीत मिसळलेले गंधक) वेगळ्या स्वभावाचे आहे. त्यातले गंधक पीक थेट घेऊ शकत नाही. दाणा ओलाव्याने फुगून फुटला पाहिजे, बारीक कण मातीत मिसळले पाहिजेत आणि गंधक खाणाऱ्या जिवाणूंनी त्याचे सल्फेट केले पाहिजे. त्याला ऊब, ओल, हवा आणि काही आठवडे लागतात. पेरणीच्या वेळी किंवा त्याआधी मातीत मिसळले तर एकरी ९-१० किलो पुरते, आणि हळूहळू मिळत राहिल्याने पावसात एकदम वाहून जात नाही, हा त्याचा मोठा गुण. उभ्या पिवळ्या पिकात वर फेकून दिले तर या पिकाला त्याचा फारसा उपयोग नाही. भातखाचरात तर हवाच नसते, तिथे ते आणखी रेंगाळते.

२०२३ पासून युरिया गोल्ड नावाने गंधकाचे आवरण असलेला युरियाही चर्चेत आहे. त्यात ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक आहे. कल्पना चांगली आहे, पण आवरणातले गंधक मूलद्रव्य रूपातले आहे, तेव्हा त्यालाही वरचाच नियम लागू. नेहमीच्या ४६ टक्क्यांच्या युरियाच्या जागी वापरताना किलोला किलो बदलू नका, नत्र मोजून घ्या.

‘सल्फर टाकले की चुनखडी कमी होते, सामू (पीएच) उतरतो’ हे वाक्य बांधावर नेहमी ऐकू येते. एक किलो गंधक सुमारे तीन किलो चुनखडी विरघळवते, हे खरे. पण एकरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन साधारण नऊ लाख किलो असते. त्यात १० टक्के चुनखडी असेल तर ती ९० टन झाली, आणि ती संपवायला २९ टन गंधक लागेल. दहा किलोच्या पिशवीने सामू बदलत नाही. दाण्याच्या भोवतीच्या मातीत तात्पुरता फरक पडतो आणि तेवढ्या जागेत स्फुरद, लोह, जस्त थोडे मोकळे होते, एवढेच. चोपण जमीन सुधारायला टनांनी जिप्सम घालतात तो विषय वेगळा, त्याची मात्रा मातीतल्या सोडियमवरून ठरते.

तुमच्या उभ्या पिकाला आता काय द्यायचे? गाठी आणि पाने बघून गंधकाचीच उणीव वाटली तर एकरी ३५ किलो अमोनियम सल्फेट, वाफशावर, ओळीच्या कडेने द्या आणि कोळप्याने मातीआड करा. त्यातून ८ किलो गंधक आणि ७ किलो नत्र मिळते. मातीआड करणे इथे महत्त्वाचे आहे, कारण चुनखडीच्या जमिनीवर अमोनियम सल्फेट उघडे पडले तर त्यातले नत्र अमोनिया होऊन उडते. अमोनियम सल्फेट मिळाले नाही, किंवा युरिया आधीच पुरेसा झाला असे वाटत असेल, तर बारीक जिप्सम एकरी ५० ते ५५ किलो. शेंगा भरायला लागल्यावर हे करण्यात अर्थ कमी. फुलोऱ्याच्या आत उरका.

रब्बीत बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र देणाऱ्याने, जमीन आणि पाणी दोन्हींत गंधक कमी असेल तर, २० ते ३० किलो गंधक पेरणीलाच धरावे. कांद्याला ३० ते ४५ किलो. कांद्याचा तिखटपणा आणि वास गंधकाच्या संयुगांचाच असतो. तेलबियांची ओढ सर्वांत जास्त: एक टन दाणे तयार व्हायला तृणधान्याला ३-४ किलो गंधक लागते, कडधान्याला ८ आणि तेलबियांना सुमारे १२ किलो. म्हणून करडई, भुईमूग, सूर्यफूल घेणाऱ्यांनी गंधक विसरूच नये. जास्तीचेही भले नाही. सल्फेट खूप झाले की मोलिब्डेनम आत यायला अडथळा होतो, आणि मोलिब्डेनमशिवाय गाठींचे काम चालत नाही. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत मूलद्रव्य गंधक टाळा, ते आम्लता वाढवते. तिथे सल्फेट रूपातलेच द्या.

राहिला युरिया कमी करण्याचा प्रश्न. गंधकाची उणीव भरून निघाली की त्याच नत्रातून जास्त उत्पादन येते, म्हणजे क्विंटलमागे लागणारे नत्र घटते. शिफारशीवर जो आगाऊ युरिया पडतो, तो तुम्ही निर्धास्त बंद करू शकता. शिफारशीच्या खाली मात्र उतरू नका. गंधक नत्राची जागा घेत नाही. आणि जिथे गंधक मुळातच पुरेसे आहे, तिथे आणखी टाकून नत्राच्या वापरात काही फरक पडणार नाही.

तुमच्या शेतापुरते उत्तर पक्के करायचे असेल तर येत्या रब्बीत गव्हात एक पट्टा ठेवा. एक गुंठा मोजा, त्यात ८७० ग्रॅम अमोनियम सल्फेट द्या. शेजारच्या गुंठ्यात ३९० ग्रॅम युरिया. दोन्हीकडे नत्र सारखेच, १७८ ग्रॅमच्या आसपास. फरक फक्त २०० ग्रॅम गंधकाचा. हे नत्र एकूण मात्रेतून वजा करा आणि उरलेले, स्फुरद, पालाश, पाणी, सगळे दोन्हीकडे सारखे ठेवा. त्या पट्ट्यांपुरते स्फुरद डीएपीतूनच द्या, सुपर वापरू नका, नाहीतर दोन्हीकडे गंधक जाईल आणि काही कळणार नाही. जमीन एकसारखी नसेल तर हीच जोडी शेतात दोन-तीन ठिकाणी मांडा. काढणीला कडेच्या ओळी सोडून मधल्या भागाचे दाणे वेगळे मळा आणि वजन करा. ते आकडे, माती व पाण्याच्या अहवालासह, मला कळवा. पुढच्या खरिपाची खतांची यादी त्यावरूनच करू.